जुनी ‘फोर बाय फोर’ पिकअप घेताना काय पाहावे?

जुना टेम्पो किंवा साधी पिकअप कशी पारखावी, हे आपल्या बहुतेक व्यापारी बांधवांना ठाऊक असते. इंजिनचा आवाज ऐकायचा, धूर पाहायचा, टायर पाहायचे, आरसी बुक पाहायचे आणि भाव करायचा. पण चारही चाकांना ताकद देणारी, म्हणजे फोर व्हील ड्राइव्हची जुनी पिकअप घेताना एवढ्याने भागत नाही. या गाडीचा महागडा भाग तिच्या पोटाखाली असतो. विकणारा तो दाखवत नाही आणि घेणारा बहुधा वाकून पाहत नाही.

आधी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा : आपल्याला ही गाडी खरोखर लागते का? मालेगाव, धुळे, भिवंडी, इचलकरंजी इकडून कापडाचे गठ्ठे डांबरी रस्त्याने पोहोचवायचे असतील तर मागच्या दोन चाकांवर चालणारी साधी पिकअप पुरेशी आहे. फोर व्हील ड्राइव्हच्या गाडीत लोखंड जास्त, वजन जास्त, म्हणून डिझेलही जास्त जाते आणि बिघडण्यासारखे भागही जास्त. मात्र सुरगाणा, पेठ, धडगाव, मोलगी अशा डोंगरी आठवडे बाजारांना पावसाळ्यातही माल न्यायचा असेल, कोकणात वाडीपर्यंत लाल चिखलातून चढायचे असेल, किंवा बोअरचा पंप, वेल्डिंगचा जनरेटर घेऊन काळ्या रानातल्या शेतावर कामाला जायचे असेल, तर तिची किंमत वसूल होते. काळी माती एकदा भिजली की रिकामी साधी पिकअपसुद्धा बांधाजवळच रुतते. मग ट्रॅक्टरवाला बोलवा आणि तो मागेल ते द्या.

बाजारात अशा गाड्या साध्या पिकअपच्या मानाने थोड्या येतात. महिंद्राच्या बोलेरो कॅम्पर आणि पिकअपमध्ये हा प्रकार आहे, टाटांच्या झेनॉन आणि योद्धामध्ये आहे, महिंद्राची स्कॉर्पिओ गेटवे होती. २०१६ पासून इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ पासून टोयोटाची हायलक्स आली. शेवटच्या दोन्ही महाग आहेत आणि त्यांचे सुटे भागही त्याच हिशेबाने. यातल्या बऱ्याच गाड्यांचे साधे, टू व्हीलचे भाऊबंदही आहेत, हे विसरू नये. मागच्या फळीवर ‘४ × ४’ चा स्टिकर चिकटवायला काहीच खर्च येत नाही. खात्री करायची तर पुढून खाली वाका. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियलचा गोल डबा दिसला पाहिजे आणि गिअरबॉक्सच्या मागच्या डब्यातून एक प्रोपेलर शाफ्ट मागे, तर दुसरा पुढे गेलेला दिसला पाहिजे. डबा आहे पण पुढचा शाफ्टच नाही, असेही आढळते. बिघडला म्हणून काढून टाकलेला असतो आणि गाडी मात्र ‘फोर बाय फोर’च्या भावाने विकली जाते.

गाडी कुठून आली?

किलोमीटरच्या काट्यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. काटा मागे फिरवता येतो. ब्रेक आणि क्लचच्या पॅडलचे रबर, स्टिअरिंगची झिजलेली कड, ड्रायव्हरच्या सीटचा बसलेला कोपरा यांना मात्र काटा फिरवल्याचा पत्ता नसतो. साठ हजार किलोमीटर म्हणणाऱ्या गाडीचे पॅडल गुळगुळीत झाले असेल तर काय समजायचे ते समजावे.

फोर व्हील ड्राइव्हच्या पिकअप बहुधा खडी क्रशरवर, रस्त्याच्या आणि विजेच्या लाइनच्या ठेकेदाराकडे, मोठ्या मळ्यावर किंवा बंदरावर राबलेल्या असतात. क्रशरवरच्या गाडीत धूळ सगळीकडे शिरते. एअर फिल्टर वेळेवर बदलला नसेल तर इंजिन आतून खरवडलेले असते. बंदरावरची गाडी याहून वाईट. मिरकरवाडा, हर्णै अशा ठिकाणी मासळीच्या क्रेटमधून बर्फाचे खारे पाणी रात्रंदिवस हौद्यातून चासीवर गळत असते. वरून हौद्याला नवा पत्रा आणि रंग असतो, खाली चासीची पट्टी बिस्किटासारखी झालेली असते. छोटी हातोडी घेऊन चासीवर ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर ठीक, भदभद आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर हात झटकून उठावे. चासीला खालून नुकताच काळा रंग मारलेला असेल तर तो कशासाठी मारला, हे विचारलेच पाहिजे.

तिसरी जात पुरात बुडालेल्या गाड्यांची. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला पूर आला, तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या जिल्ह्यात विकायला येतात. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा, आतल्या भागावर गाळाची रेघ राहते. पायाखालची मॅटिंग उचलून वास घ्यावा. डॅशबोर्डच्या खालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट बुरशी दिसली तर ती गाडी पुढे दोन वर्षे इलेक्ट्रिशियनच्या दारात उभी राहणार.

गाडीखालची तपासणी

आता मुख्य काम. त्यासाठी आपला मिस्त्री बरोबर न्यावा, दलालाने सुचवलेला नव्हे, आणि गाडी पसंत पडली नाही तरी त्याची मजुरी त्याला द्यावी. मजुरी फक्त सौदा झाल्यावरच मिळणार असेल, तर सौदा होण्यात त्याचाही फायदा असतो.

गाडी पिटावर किंवा रॅम्पवर घ्यावी. इंजिन बंद, गाडी न्यूट्रल, चाकांना दगड. दोन्ही प्रोपेलर शाफ्ट हाताने धरून पिळून आणि वर-खाली हलवून पाहावेत. क्रॉस झिजलेले असतील तर हाताला प्ले जाणवतो. हा खर्च फार नाही, पण भाव करताना उपयोगी पडतो. क्रॉसला ग्रीस लागलेलेच नसेल तर बाकीची निगाही तशीच राखलेली असणार.

मग तेल. अशा गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सशिवाय आणखी तीन ठिकाणी तेल असते : पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल आणि मधला ट्रान्स्फर केस. या तिन्हींचे बोल्ट उघडून बोट घालून तेल पाहावे. मालक नाही म्हणाला तर त्यातच उत्तर आले. तेल दुधाळ, चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. ओढ्या-नाल्यातून गाडी नेताना गरम डबा एकदम थंड होतो आणि ब्रीदरमधून, नाहीतर जुन्या सीलमधून पाणी आत ओढतो. मालकाला कळतही नाही. बेअरिंग आणि क्राउन-पिनियन मात्र आतून खात राहतात. तेलात चमचमणारी लोखंडाची बारीक पूड थोडी असेल तर चालते. कपची किंवा दाताचा तुकडा असेल तर डबा उघडावा लागणार.

पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर रबरी बूट असतात. ते फाटले की ग्रीस बाहेर आणि माती आत. फाटक्या बुटाची गाडी मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवली आणि पुढून कट-कट असा आवाज आला, तर जॉइंट गेलेला आहे.

पाटे नीट पाहावेत. मागच्या पाट्यांत एखादा जादा पाटा घातलेला दिसला तर गाडी नेहमीच क्षमतेपेक्षा जास्त भरली जात होती. मग केबिन संपून हौदा सुरू होतो तिथे आणि पाट्यांच्या हँगरजवळ चासीला तडा किंवा वेल्डिंगचे डाग आहेत का, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. वेल्डिंग केलेली चासी आम्ही तरी घेणार नाही, भाव कितीही उतरवला तरी.

टायरची गोष्ट साध्या गाडीपेक्षा वेगळी आहे. चारही टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच बनावटीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत असतील तर चाकांचा घेर कमी-जास्त होतो. फोर व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधलेले असतात, त्यामुळे तो सगळा ताण ट्रान्स्फर केसवर येतो. भलत्याच मापाचे टायर घालून वर्षभर चालवलेल्या गाडीचा डबा आतून कसा असेल, याचा विचार करावा.

चालवून पाहणे

इंजिन गार असताना पाहावे. आधी कळवून सकाळी लवकर जावे आणि बोनेटला हात लावावा. गरम असेल तर गाडी आपल्यासाठी आधीच सुरू करून ठेवली आहे. सुरू झाल्यावर क्षणभर धूर आला तर हरकत नाही. निळा धूर येत राहिला तर इंजिन तेल पिते. चालू इंजिनवर तेल भरायचे झाकण सैल करून पाहावे; जोराने धूर आणि तेलाचे शिंतोडे आले, म्हणजे मिस्त्री म्हणतात तसे ‘बॅक’ मारत असेल, तर इंजिनचे काम जवळ आले आहे. बीएस-६ म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाडीत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टरही पाहावा. सतत गावातल्या गावात फिरलेल्या गाडीत तो तुंबतो, आणि काही लोक तो चक्क कापून काढतात.

फोर व्हील मात्र डांबरावर तपासू नये. कोरड्या डांबरावर वळताना चाकांना घसरायला जागा मिळत नाही आणि सांधे ताणले जातात. नदीची वाळू, नांगरलेले रान किंवा मोकळे मुरमाड मैदान शोधावे. गाडी ‘फोर हाय’मध्ये टाकावी, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चक्कर मारावी. गाडी जड होऊन आवळल्यासारखी चालली तर फोर व्हील लागले आहे. टू व्हीलसारखीच हलकी फिरली तर लिव्हर हलली किंवा दिवा लागला, एवढेच झाले. पुढची चाके जोडलीच गेली नाहीत. मग चिखल किंवा सैल वाळूत चढावर थांबवून निघायला सांगावे आणि बाजूला उभे राहून पाहावे. पुढची चाके माती उडवतात का? स्वतः स्टिअरिंगवर बसल्यास हे दिसत नाही, म्हणून दोघांनी जावे.

नंतर ‘फोर लो’. गाडी उभी, गिअर न्यूट्रल, क्लच दाबलेला. पहिल्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर न दाबता ती मुंगीसारखी चढली पाहिजे. तशीच उतारावर आणावी आणि पाय सोडून द्यावा. उतारावर लिव्हर आपोआप निसटून बाहेर आली तर ट्रान्स्फर केस आतून झिजलेला आहे, आणि ते काम छोट्या गावातल्या फिटरचे नव्हे. ज्या गाड्यांत लिव्हरऐवजी बटण असते तिथे टू व्हीलमधून फोरमध्ये आणि परत असे चार-पाच वेळा करून पाहावे. वर्षानुवर्षे न वापरल्याने मोटर अडकलेली असते. विकणारा अभिमानाने सांगतो की मी फोर व्हील कधी लावलेच नाही. ही तारीफ नाही. अधूनमधून न वापरलेले सांधे गंजतात.

कागद

गाडी चांगली निघाली तरी कागद पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. चासी आणि इंजिनचे नंबर स्वतः पुसून, वाचून आरसीशी पडताळावेत. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ नोंदीत किंवा एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की पासिंग, विमा, बोजा यांची माहिती मिळते. थकलेली ई-चलानेही ऑनलाइन पाहता येतात. फायनान्सचा बोजा दिसत असेल तर हप्ते फिटल्याच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नये. कंपनीचे ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा नमुना ३५ हाती हवा. परजिल्ह्यातली किंवा परराज्यातली गाडी असेल तर नमुना २८ ची ना-हरकत लागेल का, हे आपल्या आरटीओत आधी विचारावे.

पाटी पांढरी की पिवळी, हेही पाहावे. काही महागड्या पिकअप खासगी गाडी म्हणून नोंदलेल्या असतात. त्यांत भाड्याचा माल भरता येत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढते. पिवळ्या पाटीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते, म्हणून नऊ वर्षांची गाडी घेताना तो खर्चही किमतीत धरावा. मालासकट एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त असेल तर परवानाही पाहावा. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का, तेही. ड्रायव्हरच्या लायसन्सची चिंता मात्र कमी झाली आहे. ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला.

नमुना २९ आणि ३० वर सह्या करून घेऊन गाडी तशीच वर्षभर जुन्या मालकाच्या नावावर चालवण्याची आपल्याकडे फार सवय आहे. कायद्याने घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलायचा अर्ज करायचा आहे आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवायचे आहे. आपली जुनी गाडी विकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईसाठी ज्याचे नाव आरटीओच्या नोंदीत आहे तोच मालक, मग गाडी पुढे कितीही हातांतून गेलेली असो.

ताबा घेताना एका कागदावर तारीख, वेळ, काट्यावरचे किलोमीटर आणि दिलेली रक्कम लिहून दोघांनी सह्या कराव्यात, दोन साक्षीदार घ्यावेत. ताबा सकाळी अकराला घेतला असेल तर अकराच लिहावे; त्या दिवशी दहा वाजता कुठे काही घडले असेल तर त्याचा जाब आपल्याला विचारला जाऊ नये. उरलेली रक्कम शक्यतो बँकेतून द्यावी, आणि दुसरी किल्ली, जॅक, स्टेपनी, ताडपत्री आणि सर्व्हिसचे जुने पावती-पुस्तक त्याच वेळी मागून घ्यावे.