उडी दोन मीटर अठ्ठावीस, गादी भुशाची

टोकियोच्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत १६ सप्टेंबर २०२५ ला निफाड तालुक्यातल्या सर्वेश कुशारेनं २.२८ मीटरची उंच उडी मारली आणि तो सहावा आला. या स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीत पोचलेला तो पहिलाच भारतीय. तेजस्विन शंकरच्या २.२९ मीटरच्या राष्ट्रीय विक्रमापासून एक सेंटिमीटर लांब. बातम्यांत मात्र उडीइतकीच जागा मक्याच्या भुशाला मिळाली. लहानपणी गावच्या शाळेत सर्वेश भुसा भरलेल्या गादीवर उतरायला शिकला, ही गोष्ट सगळ्यांना फार आवडली. पुढच्याच आठवड्यात, २७ सप्टेंबरपासून, रांचीत ६४ वी राष्ट्रीय खुली अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिची बातमी किती जणांनी वाचली, ते विचारायला नको.

भुशाची गोष्ट गोड वाटते. ती गोड नाही, धोक्याची आहे.

उंच उडी हा धावण्यासारखा नुसत्या पायांचा खेळ नाही. पूर्वी खेळाडू दांडीवरून कातरीसारखे पाय टाकत किंवा पोटावरून आडवे जात आणि वाळूत हातापायांवर उतरत. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉस्बरीनं पाठ दांडीकडे करून उलटं जाण्याची पद्धत जगाला दाखवली आणि सुवर्णपदक नेलं. त्याचं डोकं चाललं हे खरंच, पण खाली फोमची गादी आलेली होती म्हणून ते चाललं. या पद्धतीत माणूस खांद्यांवर आणि पाठीवर पडतो. वाळूत तसा पडला तर मान जायची. आज मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतली गादी किमान सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि ७० सेंटिमीटर जाड असावी लागते. तिची किंमत लाखांत जाते आणि ती उन्हापावसात सांभाळावी लागते. जिल्हा परिषदेच्या किंवा खासगी अनुदानित शाळेच्या क्रीडा निधीत ती बसवून दाखवा! मग सर्वेशच्या रावसाहेब जाधवांसारखा एखादा क्रीडाशिक्षक शेतकऱ्यांकडून भुसा आणतो. भुसा दबला की पुन्हा भरतो. पोरगं उलटं जायला शिकतं, ते या जुगाडावर. सर्वेशचं निभावलं, तो पुढे लष्करात गेला, तिथे खरी गादी मिळाली. ज्यांचं निभावलं नाही त्यांची नावं आपल्याकडे नाहीत.

आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या शंभर वर्षांच्या इतिहासाकडे या गादीवरून पाहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. ही स्पर्धा खेळाडू निवडायला जन्मली. घडवणं तिच्या कामात कधी नव्हतंच.

तिचं मूळ आपल्याच मुलखात सापडतं. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं क्रीडामेळा भरवला. अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा, पाहुणे मुंबई प्रांताचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड. दहा वर्षांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दोराबजींनी त्या दिवसांचं वर्णन केलं आहे. धावणारे बहुतेक शेतकरी, अनवाणी. मैदान इतकं लहान की शंभर यार्डांची शर्यतही वळणावरून घ्यायचा बेत चालला होता. नियम, घड्याळ, सराव या सगळ्यांचीच वानवा. पण लांब पल्ल्याच्या वेळा युरोपच्या जवळ जाणाऱ्या. ते पाहूनच १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवायचं दोराबजींनी मनावर घेतलं, खिशातून पैसे घातले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले. ऑलिंपिकच्या इतिहासातली ती सर्वांत लांब मॅरेथॉन, ४२.७५ किलोमीटरची. त्यांनी ती २ तास ५० मिनिटांत पुरी केली आणि ते एकोणिसावे आले. या माणसाबद्दल आपण किती कमी लिहितो!

पुढच्या ऑलिंपिकसाठी संघ निवडायचा म्हणून १९२४ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय खेळ भरले. त्यातून राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांची परंपरा आली. १९४६ साली ॲथलेटिक्सचा स्वतंत्र महासंघ झाला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून खुली स्पर्धा दरवर्षी होऊ लागली. शिवाय आंतरराज्य स्पर्धा, शिवाय फेडरेशन कप. २०२५ मध्ये गंमत अशी झाली की ऑगस्टमधली चेन्नईची आंतरराज्य स्पर्धाही ६४ वी आणि रांचीची खुली स्पर्धाही ६४ वी. राष्ट्रीय विजेता नेमका कुणाला म्हणायचं, हे सामान्य वाचकाला कळावं अशी कुणाची इच्छा दिसत नाही. त्यात खुली स्पर्धा मोसमाच्या शेवटी ठेवायची. तोवर मोठी नावं थकलेली असतात.

तरीही तिथे मोठं काही घडतं. २०१८ मध्ये भुवनेश्वरच्या खुल्या स्पर्धेत बीडच्या अविनाश साबळेनं ३००० मीटर स्टीपलचेस ८:२९.८० मध्ये पुरी केली आणि गोपाल सैनी यांचा ३७ वर्षं टिकलेला विक्रम मोडला. चार वर्षांनी राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सुवर्ण पाच शतांश सेकंदांनी हुकलं, तेव्हा कुठे घरोघरी नाव झालं. पण साबळेलाही घडवलं ते लष्करानं, राष्ट्रीय स्पर्धेनं नव्हे.

नाशिकचा दाखला याहून बोलका आहे. ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी दहा हजार मीटरची शर्यत आली १९८८ मध्ये. हरसूलकडच्या सावरपाड्यात कविता राऊत तेव्हा तीन वर्षांची होती. पुढे तिनं धावणं निवडलं, कारण त्याला काही विकत घ्यावं लागत नव्हतं. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिनं याच शर्यतीत ब्राँझ घेतलं. या स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत प्रीजा श्रीधरननंतर एका सेकंदाच्या आत पोचून रौप्य. सावरपाडा आणि हे पदक यांच्यामध्ये कोण होतं? क्रीडा प्राधिकरणाचे प्रशिक्षक विजेंदर सिंग आणि भोसला सैनिकी शाळेचं मैदान. मोनिका आथरे, संजीवनी जाधव, ताई बामणे, सगळ्या त्याच वाटेनं आल्या. एक प्रशिक्षक एका शहरात टिकून राहिला की काय होतं, त्याचा याहून चांगला पुरावा राज्यात मला तरी दिसत नाही. या वाटेवर खड्डेही आहेत: २०१७ मध्ये आशियाई ब्राँझ मिळवणाऱ्या संजीवनीच्या चाचणीत पुढच्या वर्षी प्रोबेनेसिड हे बंदी असलेलं औषध सापडलं आणि दोन वर्षांची बंदी आली. ते झाकायचं कारण नाही.

निकालपत्रात मात्र यातलं काहीच उमटत नाही. खुल्या स्पर्धेत खेळाडूच्या नावापुढे सेनादल, रेल्वे, तेल कंपनी. नोकरी दिली त्यांचं नाव लागणार, त्यात चूक नाही. ज्यांनी नोकरी दिली त्यांनीच खेळ जगवला. पण निकालपत्रावरून इतिहास लिहायला बसलात तर भारताचा वेग छावण्यांत आणि रेल्वेच्या वसाहतींत जन्मतो असं वाटेल. तो जन्मतो हरसूलला, निफाडला, बीडच्या आष्टीला. पाळणाघराचा खर्च कुणाच्याच वहीत नाही.

म्हणून पुढची राष्ट्रीय स्पर्धा नाशिकला भरवा, असली मागणी मी करणार नाही. चार दिवसांचे मंडप, स्वागताध्यक्ष, हारतुरे आणि पाचव्या दिवशी मैदानावर पुन्हा प्रदर्शनाचे स्टॉल! त्या खर्चात प्रत्येक तालुक्याला एक नियमाची गादी, ती ठेवायला एक पत्र्याची खोली आणि बदली न होणारा एक प्रशिक्षक द्या. शालेय स्पर्धांचा मोसम आला की आपल्या तालुक्याच्या मैदानावर उंच उडी चालू असेल तिथे एक चक्कर मारा, पोरं कशावर उतरताहेत ते पाहा आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना तेवढं लिहून कळवा.