त्यालाही सायकल हवी!

संध्याकाळी गल्लीत पोरांच्या सायकली सुटतात, तेव्हा उंबऱ्यात उभा राहून नुसता बघणारा एखादा मुलगा तुमच्या घरात, नाहीतर शेजारी असेल. ‘त्याला कुठली जमायला!’ म्हणून आपणच त्याला आत घेतो. पण मैत्रिणींनो, कमतरता पुष्कळदा मुलात नसते, सायकलीत असते.

अपंगांची तीनचाकी म्हटली की हातानं चालवायची गाडी डोळ्यांपुढे येते. ती पाय अधू असणाऱ्यांसाठी. आपल्या कोल्हापुरात १९८४ साली नसीमा हुरजूक यांनी सहकाऱ्यांसह ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली, त्यामुळे चाकाची खुर्ची गावाला परकी राहिली नाही. पण गतिमंद, स्वमग्न किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या मुलाचे पाय बहुधा चालते असतात. अडतं ते तोलापाशी आणि शिकवण्यापाशी.

अमेरिकेतल्या २०११ च्या एका अभ्यासात डाउन सिंड्रोम असलेल्या ८ ते १५ वर्षांच्या मुलांना पाच दिवस दुचाकी शिकवली. निम्म्याहून अधिक शिकली! वर्षभरानं पाहिलं, तर त्यांचं नुसतं बसून राहणं कमी झालं होतं.

आधी डॉक्टरांना विचारा. डाउन सिंड्रोममध्ये काहींच्या मानेचे सांधे सैल असतात. फिट येत असतील तर तेही सांगा. मग सायकलवाल्याकडून पॅडल काढून घ्या आणि दोन्ही तळवे जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्या. डोक्याला हेल्मेट हवंच. मोकळ्या मैदानात आधी पायानं ढकलत जाऊ दे, मग पाय उचलून घरंगळू दे. तोल आला की पॅडल लावा. रोज तीच वेळ, एका वेळी एकच सूचना, पंधरा-वीस मिनिटं पुरेत. रागावू मात्र नका, बरं का!

तोल जमतच नसेल, तर पायानं चालवायची तीनचाकी घ्यावी. पाठीला टेका, पॅडलला पट्टे, मागून धरायला दांडा, एवढं काम उद्यमनगरातल्या कारागिराला मापं देऊन विचारून बघा. ब्रेक आधी स्वतः तपासा.

एकटीला खर्च झेपणार नाही, खरंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं या मुलांच्या खेळाची सोय करणं हे शासनाचं काम ठरवलं आहे. तेव्हा पालकसभेत शाळेकडे मागणी जरूर करा. आणि यंदा संक्रांतीला वाणाचे पैसे एकत्र करून महिला मंडळानं गल्लीसाठी एक तीनचाकी घेतली तर? उंबऱ्यातलं ते पोर बाहेर येईल, आणि त्याची आईही.