स्नॉर्कलिंग : विहिरीत शिकलेले पोहणे आणि समुद्राचे पाणी

डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मास्क लावून, तोंडात नळी धरून, पाण्यावर पालथे तरंगत खालचे जग पाहणे म्हणजे स्नॉर्कलिंग. महाराष्ट्रात त्याचे मुख्य ठिकाण मालवण. तिथल्या कुरटे बेटावर १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग किल्ला उभा राहिला. या किल्ल्याभोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत आणि इंजिनाच्या छोट्या होड्या पर्यटकांना तिथवर नेतात. अहिल्यानगर (नगर) जिल्ह्याला मात्र समुद्रकिनारा नाही. संगमनेर, श्रीरामपूर, राहुरी किंवा नगर शहरातून निघालेली मंडळी रात्रभर प्रवास करून मालवण-तारकर्लीला पोहोचतात. काही जण अंदमानला, तर काही सहल कंपन्यांबरोबर थायलंडला जातात. पाण्याशी त्यांची ओळख झालेली असते ती विहीर, कालवा, प्रवरा नदी, मुळा धरण किंवा भंडारदऱ्याच्या जलाशयात. समुद्राबद्दलचे निम्मे गैरसमज या ओळखीतून येतात आणि उरलेले जाहिरातींतल्या फोटोंतून.

‘स्नॉर्कलिंग आणि स्कूबा एकच’

मालवणच्या किनाऱ्यावर हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, पण दोन्हींतला फरक मोठा आहे. स्कूबात पाठीवर दाबयुक्त हवेची टाकी असते आणि माणूस खरोखर पाण्याखाली जातो. स्नॉर्कलिंगमध्ये तो पृष्ठभागावरच राहतो. नळीचे वरचे टोक हवेत असते आणि तिची लांबी जेमतेम ३५ ते ४० सेंटीमीटर असते.

नळी आणखी लांब केली तर खोलवर जाता येईल, असे अनेकांना वाटते. लव्हाळ्याची पोकळ काडी तोंडात धरून तळ्याच्या तळाशी लपलेले वीर गोष्टींत आणि सिनेमांत भेटतातही. प्रत्यक्षात एक मीटर खोलीवर शरीराच्या दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जादा भार पडतो. छातीच्या पुढच्या भागाचा हिशेब केला तर तो क्विंटलच्या घरात जातो. फुप्फुसातली हवा मात्र वरच्या साध्या दाबाचीच असते, त्यामुळे एवढा भार पेलून छाती फुगवणे बरगड्यांच्या स्नायूंना झेपत नाही. दुसरी अडचण उच्छ्वासाची. माणूस शांतपणे एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. नळी लांब असेल तर सोडलेली हवा तिच्यातच अडकते आणि पुढच्या श्वासाला तीच परत आत जाते. नळी आखूड असतानाही भराभर, उथळ श्वास घेतले तर हेच घडते. म्हणून गाइड ‘हळू आणि खोल श्वास घ्या’ हे पुन्हापुन्हा बजावतो. तोंडाने श्वास घेण्याची सवय व्हायला काही मिनिटे जातात. तेवढा सराव कमरेएवढ्या पाण्यात करून घेणे उत्तम.

परतीच्या प्रवासातही स्कूबा आणि स्नॉर्कलिंगमधला फरक महत्त्वाचा ठरतो. स्कूबात दाबाखालची हवा घेतल्याने रक्तात आणि ऊतींत जादा नायट्रोजन विरघळतो. त्यानंतर लगेच उंचावर गेले तर त्याचे बुडबुडे बनू शकतात. स्कूबा करणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’च्या सूचनेनुसार एका साध्या बुडीनंतर किमान १२ तास विमानप्रवास टाळावा. विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब सुमारे ६१० मीटर किंवा त्याहून जास्त उंचीवरच्या दाबाइतका असतो तेव्हा ही सूचना लागू होते. परतीच्या वाटेवरचा आंबोली घाटमाथा जवळजवळ ६९० मीटरवर आणि नगर शहर साधारण ६५० मीटरवर आहे, म्हणजे मोटारीने घरी परतणारा पर्यटकही त्याच उंचीवर चढत असतो. मालवणात नवख्यांना काही मीटरच खाली नेतात, त्यामुळे धोका थोडा असतो. तरीही स्कूबा सकाळी उरकून मुक्काम करणे आणि दुसऱ्या दिवशी घाट चढणे शहाणपणाचे. स्नॉर्कलिंग करणाऱ्याला हा नियम लागू नाही.

‘विहिरीत पोहतो, मग लाइफ जॅकेट कशाला?’

सगळ्यात घातक गैरसमज हाच. विहिरीत प्रवाह नसतो, लाट नसते आणि कठडा चार हातांवर असतो. समुद्रात पोहणारा एका जागी तरंगतोय असे त्याला वाटते, पण पालथे पडून खाली बघत असताना तो होडीपासून किती दूर वाहत गेला हे त्याला कळत नाही. मान वर केल्यावरच अंतर लक्षात येते. मग घाईने हात मारणे, दम लागणे, नळीत पाणी शिरणे, घाबरणे असा क्रम सुरू होतो. बुडणारा माणूस हाका मारतो ही समजूतही चुकीची आहे. तोंड पाण्याच्या पातळीवर असताना ओरडायला श्वासच उरत नाही. बहुतेक जण गुपचूप बुडतात.

वाहत्या पाण्याचा जोर नगर जिल्ह्याला अपरिचित नाही. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेणाऱ्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान मृत्युमुखी पडले. ती प्रशिक्षित माणसे होती.

उलट टोकाचा गैरसमजही आढळतो : पोहता येत नसेल तर हे आपल्यासाठी नाहीच. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा दोन-तीन टक्के जड असते, त्यामुळे शरीर त्यात जास्त सहज तरंगते. त्यावर नीट आवळलेले जॅकेट आणि हात धरलेला गाइड असला की न पोहणाऱ्यालाही उथळ, शांत पाण्यात अर्धा तास सुखात काढता येतो. मात्र जॅकेटचे सगळे पट्टे लावलेले हवेत. नुसते अंगावर चढवलेले जॅकेट पाण्यात पडताच कानांपर्यंत वर सरकते आणि माणूस खालीच राहतो.

हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब किंवा अपस्मार असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे. हे नुसते कागदोपत्री बंधन नाही. हवाई बेटांवरच्या स्नॉर्कलिंग अपघातांच्या अभ्यासातून असे पुढे आले की, अरुंद नळीतून जोर लावून श्वास ओढताना काहींच्या फुप्फुसांत पाणी साचते आणि माणूस नाकातोंडात पाणी न जाताही निपचित होऊ शकतो. दम लागला की नळी काढून टाकावी, पाठीवर वळावे आणि हात वर करावा.

मास्कमध्ये पाणी शिरते ते बहुधा मिशांमुळे. रबराची कड कातडीला चिकटली तरच हवा कोंडते. भरघोस मिशीच्या केसांमधून पाणी झिरपत राहते. नाकाखालची पट्टी थोडी कातरली किंवा तिथे व्हॅसलीन लावले तर काम भागते. गळती मिशीमुळे असेल तर मास्क बदलून मागण्यात मात्र काही हशील नाही.

‘स्पीडबोट म्हणजे आरामाचा प्रवास’

मालवण धक्क्यापासून किल्ला काही मिनिटांवर आहे, तिथे स्पीडबोटीचा प्रश्न फारसा येत नाही. अंदमानात वांडूरहून जॉली बॉय बेटाला किंवा थायलंडमध्ये फुकेटहून फी फी बेटांना जाताना मात्र येतो. एसटीत मागच्या बाकावर हादरे जास्त बसतात. स्पीडबोटीत नेमके उलटे. वेगात नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, हवेत उचलली जाते आणि लाटेवर आपटते, म्हणून पुढे बसणाऱ्याच्या मणक्यांना दणके बसतात. फोटोसाठी सगळ्यांना हीच जागा हवी असते. गरोदर स्त्रिया, कंबरदुखी किंवा मणक्याचा त्रास असलेले आणि वयस्कर यांनी मागे, मध्याजवळ बसावे. गरोदरपणात तर स्पीडबोट टाळलेलीच बरी.

बोट लागू नये म्हणून उपाशी जाण्याची प्रथा आहे. तिने त्रास वाढतोच. हलका, कमी तेलकट नाश्ता आणि दूर क्षितिजावर नजर ठेवणे याचा उपयोग होतो. उलटी थांबवणारी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते; मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकतच नाही.

‘पाणी फोटोतल्यासारखे नितळ आणि निळे असते’

पाणी किती नितळ आहे हे ऋतू, नदी आणि भरती-ओहोटी यांवर अवलंबून असते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या कर्ली, गड यांसारख्या छोट्या नद्या पावसाळ्यात लाल गाळ समुद्रात ओततात. प्रवरा, मुळा, सीना यांचे पाणी पूर्वेकडे बंगालच्या उपसागराकडे जाते, त्यामुळे मालवणच्या गढूळपणात नगर जिल्ह्याचा वाटा शून्य. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जलक्रीडा दरवर्षी साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट बंद असतात. सप्टेंबरमध्ये त्या सुरू झाल्या तरी पाणी निवळायला वेळ लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, आणि शाळांची मे महिन्याची सुट्टी, जेव्हा गर्दी सर्वाधिक असते, ती तुलनेने वाईट.

वेळही घड्याळापेक्षा चंद्रावर ठरते. कोकणात जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे सकाळी नवाच्या आसपास पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी पुढे सरकते. खाडीच्या तोंडाजवळ ओहोटी गढूळ पाणी बाहेर आणते आणि भरती स्वच्छ पाणी आत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोराचे असतात. ‘रोज सकाळी १० वाजता’ अशी ठरीव वेळ सांगणाऱ्यापेक्षा तिथी विचारणारा नाखवा विश्वासाचा.

जाहिरातीतले भडक रंग बहुधा कृत्रिम प्रकाशातले असतात. पाणी लाल प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे काही मीटर खाली लाल-केशरी प्रवाळ करडे-तपकिरी दिसू लागतात. शिवाय मास्कच्या काचेतून प्रकाशाचे वक्रीभवन होऊन वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात. परतीच्या गाडीत सांगितल्या जाणाऱ्या माशांच्या लांबीतून तेवढे वजा करावे.

देवबागजवळचे ‘त्सुनामी आयलंड’ हे स्नॉर्कलिंगचे बेट नव्हे. कर्ली नदीच्या मुखाशी साचलेल्या वाळूचा तो दांडा आहे. तिथे जलक्रीडा होतात, प्रवाळ दिसत नाहीत. भंडारदऱ्यालाही तेच लागू. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणामागचे पाणी गोडे आहे आणि प्रवाळ खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाहीत.

‘पोवळे म्हणजे रंगीत दगड’

पोवळे म्हणजेच प्रवाळ हा प्राणी आहे. सुईच्या टोकापासून बोटाच्या पेरापर्यंत आकाराचे असंख्य जीव चुनखडीचे कवच बांधत वसाहत करतात. त्यांच्या ऊतींत सूक्ष्म शैवाल राहतात. ती उन्हात अन्न तयार करतात आणि रंगही बऱ्याच अंशी तीच देतात. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापून तसेच राहिले तर प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. हे विरंजन. पांढरा प्रवाळ लगेच मेलेला नसतो, पण उपाशी असतो. गोलाकार घट्ट प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटीमीटरच वाढतात. दमलेल्या पर्यटकाने क्षणभर टेकवलेला पाय दहा-वीस वर्षांची वाढ मोडू शकतो.

आठवण म्हणून तुकडा घरी आणणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत भित्तिका बांधणारे प्रवाळ २००१ पासून आहेत. म्हणजे कायद्याच्या लेखी त्यांना वाघाच्याच यादीत स्थान आहे. मालवण सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर ३.१८ चौरस किलोमीटरच्या गाभा क्षेत्रात येतो. माशांना पाव टाकणे पुण्याचे वाटले तरी त्याने त्यांचा नैसर्गिक आहार आणि वागणूक बदलते. सनस्क्रीनमधील ऑक्सिबेन्झोन प्रवाळांना अपायकारक ठरते, म्हणून पलाऊने २०२० मध्ये आणि हवाईने २०२१ मध्ये त्यावर बंदी आणली. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांतही ती आहे. पालथे तरंगताना ऊन पाठीवर आणि पोटऱ्यांवर पडते. लांब बाह्यांचा घट्ट टी-शर्ट हा क्रीमपेक्षा स्वस्त आणि निर्धोक उपाय. जीन्स आणि साडी मात्र पाण्यात जड होतात.

पर्यटनाने प्रवाळांचे किती नुकसान होते हे फी फी बेटांवरच्या माया बेने दाखवले. थायलंडने तो किनारा जून २०१८ ते जानेवारी २०२२ बंद ठेवला, आणि उघडल्यावरही बोटींना उपसागरात शिरू दिले नाही.

‘शार्क, परवानगी आणि बाकीच्या भीती’

मालवणच्या उथळ पाण्यात शार्कची भीती बाळगण्याचे कारण नाही. इजा होते ती खडकावरच्या शिंपल्यांच्या धारेने, सी अर्चिनच्या काट्यांनी, जेलीफिशच्या दंशाने आणि होडीच्या पंख्याने. जेलीफिश लागला तर चोळू नये आणि गोड्या पाण्याने धुऊ नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे. इंजिन बंद झाल्याशिवाय शिडीजवळ जाऊ नये.

गाइड बरोबर असला म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. होडीला महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना आहे का, प्रवासी क्षमता किती लिहिली आहे आणि जॅकेट प्रत्येकाला आहे का, हे चढण्यापूर्वी पाहता येते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली, तेव्हा अनेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हते. पंधरा मिनिटांच्या फेरीतही ते अंगावर हवे.

प्रवाळ पाहायला परदेशी जावे लागते, हाही भ्रम आहे. लक्षद्वीप आणि अंदमानातही ते दिसतात. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. अंदमानच्या पर्यटन बेटांना तो लागत नाही, मात्र १९८३ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील जॉली बॉयसाठी वन खात्याची परवानगी घ्यावी लागते आणि प्लास्टिक नेता येत नाही. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘आंग्रिया बँक’ हा प्रवाळांचा पठारी उंचवटा आहे. पण त्याचा माथाच वीसेक मीटर खाली असल्याने तो स्नॉर्कलिंगच्या नळीने दिसणारा नाही, तिथे स्कूबाच लागते.