मान आपोआप वळते तेव्हा : डिस्टोनियाची ओळख आणि उपचारांची वाट

वाचकहो, भाटघर धरणाच्या काठावरील एखाद्या घराची कल्पना करा. साठी ओलांडलेल्या आजी चुलीपुढे भाकरी थापत बसल्या आहेत आणि त्यांची मान नकळत डावीकडे वळते आहे. त्या ती सरळ करतात, ती पुन्हा वळते. घरची मंडळी म्हणतात, "उसण भरली असेल, उशी बदलून बघा." तेल चोळले जाते, शेक दिला जातो. महिने उलटतात. मान वळायची थांबत नाहीच, उलट आता ती किंचित थरथरूही लागते. मग कुणीतरी हलक्या आवाजात सुचवते, "बाहेरचं काही नाही ना, एकदा बघून घ्या." आजी हळदीकुंकवाला जाणे सोडतात, लग्नकार्यात मागच्या रांगेत बसू लागतात आणि एक दिवस म्हणतात, "मी घरीच बरी."

चित्र कल्पनेतले असले, तरी त्याच्याशी जुळणारी माणसे अनेक गावांत आहेत. त्यांच्या दुखण्याला नाव आहे आणि त्यावर उपचारही आहेत. ते नाव 'डिस्टोनिया'. ते माहीत नसल्यामुळे जी वर्षे वाया जातात, ती वाचावीत यासाठी हा लेखनप्रपंच.

नेमके बिघडते काय?

आपण मान उजवीकडे वळवतो, तेव्हा काही स्नायू आवळले जातात आणि त्यांच्या विरुद्ध बाजूचे स्नायू त्याच क्षणी सैल होतात. कोणाला आवळायचे आणि कोणाला सोडायचे, हे मेंदूच्या खोल भागातील काही केंद्रे इतर भागांच्या साहाय्याने ठरवतात. भाटघरच्या रहिवाशांना हे समजावून सांगणे सोपे आहे. धरण भरले की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. हेच दरवाजे अवेळी उघडू लागले, तर नदीत पाणी असूनही व्यवस्था कोलमडेल. डिस्टोनियात असेच घडते. स्नायू धडधाकट असतात, पण त्यांना मिळणाऱ्या आज्ञा चुकतात. जे सैल पडायला हवेत तेही आवळले जातात आणि अवयव पिळवटतो, वळतो किंवा विचित्र स्थितीत अडकतो.

'डिस्टोनिया' हा शब्द हेर्मान ओपेनहाइम या जर्मन वैद्यकतज्ज्ञाने १९११ साली रूढ केला. त्यानंतरही कित्येक दशके अनेक रुग्णांना 'हे तुमच्या मनाचे खेळ आहेत' असेच ऐकावे लागले. ताण आणि थकवा आला की हा त्रास वाढतो, झोपेत तो बहुधा थांबतो, म्हणून तसा गैरसमज होत असे. आज मात्र हा मेंदूच्या कार्यातील बिघाड आहे, हे निश्चितपणे मान्य झाले आहे. हा आजार संसर्गाने पसरत नाही. प्रौढपणी सुरू होणाऱ्या, एकाच अवयवापुरत्या डिस्टोनियामुळे बुद्धी किंवा स्मरणशक्ती कमी होत नाही आणि आयुष्यालाही सहसा धोका नसतो.

रूपे अनेक

मानेचा डिस्टोनिया बहुधा चाळिशी ते साठीच्या दरम्यान सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. मान एका बाजूला वळते, झुकते, पुढे किंवा मागे ओढली जाते. बहुतेकांना मानदुखीही असते.

पापण्यांच्या डिस्टोनियात डोळे वारंवार आणि जोराने मिटतात. दृष्टी शाबूत असूनही माणूस आंधळ्यासारखा चाचपडतो. उन्हात, वाचताना किंवा रस्ता ओलांडताना हा त्रास अधिक जाणवतो. जबडा आणि जीभ यांच्या डिस्टोनियात बोलणे आणि घास चावणे अवघड होते. स्वरयंत्राच्या डिस्टोनियात आवाज दाबलेला, तुटक निघतो. काहींचा हात फक्त लिहिताना वाकडा होतो, एरवी तोच हात भाजी चिरतो, कुलूप उघडतो. अमेरिकी पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६०च्या दशकात याच विकाराने निकामी झाला. पुढे सुमारे तीस वर्षे ते केवळ डाव्या हाताच्या रचना वाजवत राहिले, शिकवत राहिले. बोटॉक्सच्या उपचारांनंतर ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले.

एक खूण घरच्यांनी अवश्य पाहावी. मानेच्या डिस्टोनियात अनेकांना हनुवटीला बोट लावले किंवा डोक्याच्या मागे हात टेकवला, की मान काही क्षण सरळ होते. पापण्यांच्या डिस्टोनियात काहींना भुवईजवळ स्पर्श केल्याने किंवा गुणगुणल्याने डोळे उघडता येतात. हे नाटक नव्हे. ही या आजाराची ओळख पटवणारी खूण आहे आणि डॉक्टरांना ती सांगितली, तर निदान सोपे होते.

निदानाला उशीर का होतो?

डिस्टोनिया सिद्ध करणारी रक्ताची एखादी तपासणी नाही. मेंदूचा एमआरआयही पुष्कळदा निर्दोष येतो आणि 'रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे काही झालेले नाही' असा चुकीचा अर्थ काढला जातो. निदान होते ते अनुभवी मेंदूविकारतज्ज्ञाच्या डोळ्यांनी आणि हातांनी. म्हणून घरीच मोबाइलवर दोन-तीन मिनिटांचे चित्रण करून ठेवावे. बसलेले असताना, चालताना, बोलताना आणि ज्या कामात त्रास वाढतो ते काम करताना रुग्ण कसा दिसतो, हे त्यात यावे. दवाखान्यात पोहोचेपर्यंत लक्षण दबले, तरी ते चित्रण बोलेल.

उतारवयात दुसरी एक शक्यता कधीही विसरू नये, ती म्हणजे औषधांमुळे होणारा डिस्टोनिया. उलटी थांबवणारे मेटोक्लोप्रामाइड, चक्करेसाठी दिले जाणारे प्रोक्लोरपेराझिन, मानसिक आजारांवरील हॅलोपेरिडॉलसारखी औषधे यांमुळे काही जणांना असा त्रास होतो. आम्लपित्तावरच्या काही संयुक्त गोळ्यांत लेव्होसल्पिराइड नावाचा घटक असतो. या गोळ्या ज्येष्ठांच्या घरात महिनोन्‌महिने घेतल्या जातात आणि त्यांमुळेही हालचालींचे विकार उद्भवू शकतात. तेव्हा तज्ज्ञाकडे जाताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. मात्र मानसिक आजारावरील औषध स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये. तो निर्णय ते औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच व्हावा.

आणखी एक विनंती. वाकडी मान झटका देऊन सरळ करून देणाऱ्यांकडे जाऊ नये. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना आणि मणक्यांतील मज्जारज्जूला अशा झटक्याने इजा होऊ शकते. उतारवयात तो धोका अधिक असतो.

उपचार कोणते?

डिस्टोनिया मुळापासून घालवणारे औषध बहुतेक प्रकारांत अजून नाही. तरीही बहुतेक रुग्णांचे जगणे सुसह्य करता येते.

एखाद्याच भागापुरत्या डिस्टोनियावर बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शने हा आज प्रथम पसंतीचा उपचार आहे. हेच औषध 'बोटॉक्स' या नावाने सर्वांना ठाऊक झाले, तेही चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांमुळे. प्रत्यक्षात अमेरिकेत त्याला पहिली मान्यता मिळाली ती १९८९ साली, तिरळेपणा आणि पापण्यांचे आकुंचन यांसाठी. अतिक्रियाशील स्नायूंत अत्यल्प मात्रा टोचली की नस आणि स्नायू यांच्यामधला निरोप काही काळ थांबतो. परिणाम काही दिवसांत ते दोन आठवड्यांत दिसू लागतो, सुमारे तीन महिने टिकतो आणि मग इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागते. पहिल्याच वेळी पूर्ण गुण आला नाही, तर निराश होऊ नये. योग्य स्नायू आणि योग्य मात्रा ठरवायला कधी कधी दोन-तीन वेळा लागतात.

दुष्परिणाम बहुधा तात्पुरते असतात. मानेत अशक्तपणा येतो, तोंड कोरडे पडते, पापणी खाली येते. पण इंजेक्शननंतरच्या दिवसांत घास गिळताना ठसका लागू लागला, आवाज बदलला किंवा श्वासाला त्रास झाला, तर वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. रुग्णाला मायस्थेनियासारखा स्नायुदुर्बलतेचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधीच सांगावे.

ट्रायहेक्सीफेनिडिल, बॅक्लोफेन, क्लोनाझेपाम या गोळ्याही काही रुग्णांना दिल्या जातात. ज्येष्ठांच्या बाबतीत इथे सावधगिरी हवी. ट्रायहेक्सीफेनिडिलमुळे विसराळूपणा, भ्रम, बद्धकोष्ठता आणि लघवी अडकणे हे त्रास होऊ शकतात, काचबिंदू असल्यास तो बळावू शकतो. उरलेल्या दोन गोळ्यांनी गुंगी येऊन पडण्याचा धोका वाढतो. आजोबा गोळी सुरू झाल्यापासून 'वेगळेच बोलू लागले' असे वाटले, तर वयाला दोष देण्याआधी डॉक्टरांना कळवावे. बॅक्लोफेन किंवा क्लोनाझेपाम एकाएकी थांबवणेही धोक्याचे असते.

त्रास तीव्र असेल आणि औषधे पुरी पडत नसतील, तर मेंदूच्या ठरावीक केंद्रात सूक्ष्म तारा बसवून छातीतील यंत्राद्वारे विद्युत्‌स्पंदने देण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे. ती पुण्या-मुंबईसारख्या शहरांत होते, खर्च लाखांत जातो आणि गुण यायला काही महिनेही लागू शकतात. ती प्रत्येकासाठी नसते.

घरातील नातवंडाचा पाय चालताना वाकडा पडत असेल आणि संध्याकाळी त्रास वाढत असेल, तर तेही तातडीने दाखवावे. लहान वयातील एका प्रकारात लेव्होडोपाच्या थोड्याशा मात्रेने विलक्षण सुधारणा होते. विल्सनचा आजार, म्हणजे शरीरात तांबे साठण्याचा विकार, वेळेत ओळखला तर उपचारांना दाद देतो.

गाव ते पुणे : प्रवासाचे नियोजन

भोरपासून पुणे सुमारे पन्नास किलोमीटर आहे, पण आत वसलेल्या वाड्यावस्त्यांवरून आधी भोर, मग कापूरहोळला महामार्ग आणि तिथून शहर, असा प्रवास ज्येष्ठ रुग्णाला थकवतो आणि थकव्याने डिस्टोनिया बळावतो. वर्षातून चार वेळा इंजेक्शन घ्यायचे असेल, तर तारखा वर्षाच्या आरंभीच ठरवून घ्याव्यात. भातलावणीचे दिवस आणि मुसळधार पावसाचे आठवडे शक्यतो टाळावेत. प्रवासात मानेला टेकू देणारी छोटी उशी न्यावी, आदल्या रात्री झोप पुरी होऊ द्यावी. मधल्या काळातील शंकांसाठी शासनाची 'ई-संजीवनी' ही दूरसल्ला सेवा मोफत आहे.

घरातले छोटे बदल

पाट-चौरंगाऐवजी उंच पाठीची खुर्ची घ्यावी. पाणी पिण्यासाठी पेला वर उचलावा लागू नये, म्हणून नळी वापरावी. पापण्यांच्या त्रासात बाहेर पडताना रंगीत काचांचा चष्मा उपयोगी पडतो. मान वळलेली असताना एका बाजूचे दिसत नाही, म्हणून पायरी, उंबरठा आणि न्हाणीघर इथे उजेड आणि कठडा असावा. व्यायाम भौतिकोपचारतज्ज्ञाकडून शिकूनच करावेत, जोर लावून मान ताणू नये. आणि चारचौघांत 'मान सरळ कर' असे कधीही म्हणू नये. ती सरळ राहिली असती, तर त्यांनी केव्हाच केली असती.

सांभाळणाऱ्यांनाही सांभाळा

डिस्टोनियाच्या रुग्णांत चिंता आणि नैराश्य पुष्कळ आढळते. बरीच कारणे आजारात असतात, काही लोकांच्या नजरांत. 'टेली-मानस' या सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मानसिक आधारासाठी विनामूल्य बोलता येते. ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७ आहे. सून, लेक किंवा पत्नी यांपैकी एकटीवर सारा भार पडत असेल, तर घरात बसून कामे वाटून घ्यावीत. दवाखान्याची फेरी एकाने, औषधांची वही दुसऱ्याने सांभाळावी आणि आठवड्यातली एक दुपार सांभाळणाऱ्या व्यक्तीची स्वतःची असावी.

समदुःखी माणसांची भेट हे मोठे औषध आहे. मुंबईत २००१ साली स्थापन झालेली 'पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी' आधारगट चालवते. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळाने रुग्ण आणि कुटुंबीय एकत्र आले तर काय घडू शकते, हे दाखवून दिले आहे. या गटांचा मुख्य भर पार्किन्सन्सवर आहे, परंतु वाट विचारायला ती चांगली दारे आहेत. आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांनाही विचारावे, "आमच्यासारखे आणखी कोणी आहे का? त्यांची हरकत नसेल, तर भेट घालून द्याल का?" दोन कुटुंबे भेटली, तरी तो आधारगटच होय.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत डिस्टोनियाचे स्वतंत्र नाव नाही. तरीही हातापायांच्या किंवा चालण्याच्या क्षमतेवर परिणाम झाला असेल, तर चलनविषयक दिव्यांगत्वासाठी तपासणी मागता येते. चाळीस टक्क्यांहून कमी नाही असे दिव्यांगत्व ठरल्यास अनेक सवलती मिळू शकतात. सत्तर वर्षांवरील नागरिकांना २०२४पासून आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण उत्पन्नाची अट न ठेवता मिळू लागले आहे. आपला उपचार त्यात किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला इंजेक्शनच्या तारखेआधी विचारून घ्यावे.

वाचकहो, आता पुन्हा त्या चुलीपुढच्या आजींकडे वळू. उपचारांनी त्यांची मान कदाचित पूर्ण सरळ होणार नाही. पण दुखणे कमी होईल, नातवाकडे समोरून पाहता येईल आणि पुढच्या संक्रांतीला त्या वाण घेऊन शेजारी जातील, एवढे खचित घडू शकते. आपल्या घरात, वाडीत, नात्यात कुणाची मान, पापणी किंवा हात असा आपोआप वळत असेल, तर त्यांना एकदा मेंदूविकारतज्ज्ञाकडे घेऊन जा. ती पहिली फेरी त्यांना एकट्याने करायला लावू नका.