अभ्यासक्रमातील साधन न उघडल्यास : कुकीसंबंधी उपयुक्त माहिती

ऑनलाईन अभ्यासक्रम पुरा करीत असताना शिक्षकांना एक अडचण वारंवार येते. पाठ वाचून होतो, चित्रफीत पाहून होते. परंतु चाचणी उघडावयास जावे, तो चौकट कोरीच राहते, किंवा ‘पुन्हा प्रवेश करा’ अशी सूचना पुनःपुन्हा येते. आपलेच काही चुकले असे समजून कित्येक शिक्षकबंधुभगिनी परवलीचा शब्द बदलतात आणि अखेरीस चाचणी सोडून देतात. मुदत टळते व केलेले श्रम नोंदीवाचून राहतात. वास्तविक दोष पुष्कळदा त्यांचा नसून ब्राउझरमधील कुकीविषयक योजनेचा असतो.

कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या संगणकात ठेवलेली लहानशी खूणचिठ्ठी होय. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ही युक्ती काढली. आलेला मनुष्य मघाचाच आहे, हे संकेतस्थळ या चिठ्ठीवरून ओळखते.

आता अभ्यासक्रमाचे पान एका संस्थेचे असते, तर त्यातील चौकटीत उघडणारी चाचणी अनेकदा दुसऱ्याच संस्थेची असते. देवळात जाताना आपण बाहेर पादत्राणे ठेवतो व बिल्ला घेतो. परतल्यावर बिल्ला जुळला तरच पादत्राणे मिळतात. त्याचप्रमाणे चाचणीचे साधन प्रारंभी एक बिल्ला आपल्या ब्राउझरात ठेवते, अभ्यासक्रमाकडून ओळख पटवून आणावयास सांगते व परत आल्यावर बिल्ला ताडून पाहते. मध्येच पहारेकऱ्याने तो काढून घेतला, तर खरा मालकही रिकाम्या हाताने उभा राहतो. येथे पहारेकरी म्हणजे ब्राउझर होय.

हा पहारा निष्कारण नाही. जाहिरातदार अशाच परक्या कुकींच्या साहाय्याने एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर माणसाचा माग काढीत असतात. म्हणून सफारीने २०२० पासून परक्या कुकी सरसकट अडविल्या. फायरफॉक्सने २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवण्यास प्रारंभ केला. क्रोमच्या गुप्त खिडकीतही त्या अडविल्या जातात. चोरासाठी लावलेल्या कुलुपाने कधीकधी घरचा माणूसच बाहेर राहतो, असा हा प्रकार आहे.

उपाय पुढील क्रमाने करावेत :

१. गुप्त खिडकी बंद करून साध्या खिडकीत अभ्यासक्रम उघडावा.

२. ‘नव्या टॅबमध्ये उघडा’ अशी सोय असल्यास ती वापरावी. नव्या टॅबमध्ये साधन स्वतःच्याच पत्त्यावर उघडते. त्याची कुकी परकी ठरत नाही. हा उपाय सर्वांत निर्धोक होय.

३. तेवढ्याने न भागल्यास केवळ त्या संकेतस्थळापुरती परवानगी द्यावी. क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’मधील गोपनीयता व सुरक्षा या विभागात परक्या कुकींना मुभा असलेल्या स्थळांची यादी असते, तीत पत्ता घालावा. फायरफॉक्समध्ये पत्त्याशेजारील ढालीच्या चिन्हातून त्या स्थळापुरते संरक्षण बंद करता येते. सफारीत मात्र संरक्षण एकदम सर्वच स्थळांसाठी उठते. तेव्हा काम होताच ते पुन्हा चालू करावे.

४. त्यानंतर अभ्यासक्रमाच्या मूळ पानावरूनच साधन पुन्हा सुरू करावे. जपून ठेवलेल्या जुन्या दुव्यावरून आल्यास ओळखीचा निरोप सोबत येत नाही व तीच चूक पुन्हा दिसते.

साऱ्या कुकी पुसून टाकण्याची घाई करू नये. त्याने अन्य ठिकाणचे प्रवेशही तुटतात आणि मूळ अडथळा तसाच राहतो. शाळेतील संगणक अनेकजण वापरीत असल्यास काम संपताच आपल्या खात्यातून बाहेर पडण्यास विसरू नये.

एवढे करूनही साधन न उघडल्यास चुकीचा संदेश, ब्राउझरचे नाव व वेळ टिपून अभ्यासक्रमाच्या व्यवस्थापकास मुदतीपूर्वी कळवावे. आपल्या वर्गातील मुलाचे उत्तर अडले, तर आपण प्रथम पाटी तपासतो, मुलाला दोष देत नाही. तोच न्याय शिक्षकांनी स्वतःलाही लावावा.