बालवयातील नष्ट झालेली नोंद आणि खासगी पडताळणी

बालवयात हातून घडलेली चूक माणसाच्या गळ्यात जन्मभराचे लोढणे होऊन राहू नये, हे तत्त्व आपल्या देशातील कायद्याने पूर्वीच स्वीकारलेले आहे. १९८६ चा बाल न्याय अधिनियम, त्यानंतरचा २००० चा अधिनियम आणि १५ जानेवारी २०१६ पासून अमलात आलेला बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या तिन्ही कायद्यांनी अशा चुकीमुळे येणारी अपात्रता दूर करण्याची तरतूद केली. तथापि, पोलीस ठाण्याच्या व न्यायालयाच्या दप्तरातून नष्ट झालेली नोंद तिसऱ्याच कोणाच्या संग्रहात शिल्लक राहिली, तर कायद्याने दिलेली ही संधी प्रत्यक्षात हाती लागत नाही. नोकरभरतीच्या वेळी खासगी संस्थेकडून उमेदवाराची पार्श्वभूमी पडताळून घेण्याची पद्धत कारखाने, बँका, हॉटेले आणि सुरक्षारक्षक पुरविणारे कंत्राटदार यांच्यात रूढ झाली आहे. त्यामुळे हा प्रश्न आता शहरापुरता उरलेला नाही. तो खेड्यातील घरापर्यंत येऊन पोहोचला आहे.

एक उदाहरण कल्पून पाहू. डिचोली तालुक्यातील एका गावात पंधरा वर्षांच्या मुलाने जत्रेच्या रात्री मित्रांच्या नादाने दुसऱ्याची दुचाकी पळविली. त्या मित्रांपैकी दोघे प्रौढ होते. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे गेले. मुलाला समज देण्यात आली, समुपदेशन झाले आणि प्रकरण मिटले. पुढे त्याने आय.टी.आय.चा अभ्यासक्रम पूर्ण केला. चोविसाव्या वर्षी वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्याची निवड झाली. पण रुजू होण्याच्या आदल्या दिवशी “पडताळणीत अडचण आली” एवढेच त्याला कळविण्यात आले. मंडळाच्या दप्तरात त्याच्याविरुद्ध काहीही उरलेले नव्हते. मग अडचण आली कोठून?

कायद्यातील तरतूद

२०१५ च्या अधिनियमाच्या कलम ३ मध्ये या कायद्याची मूलभूत तत्त्वे दिली आहेत. “नव्याने प्रारंभ” हे त्यांपैकी एक तत्त्व होय. विशेष परिस्थिती वगळता बालकाविषयीच्या पूर्वीच्या सर्व नोंदी पुसून टाकाव्यात, असा त्याचा आशय आहे. कलम २४ हे तत्त्व अमलात आणते. ज्या बालकाच्या प्रकरणी या अधिनियमान्वये कार्यवाही झाली, त्याला दोषसिद्धीमुळे येणारी कोणतीही अपात्रता लागू होत नाही. तसेच अपिलाची मुदत किंवा विहित कालावधी संपल्यानंतर संबंधित नोंदी नष्ट कराव्यात, असा आदेश मंडळाने पोलिसांना द्यावयाचा असतो. केंद्र शासनाच्या २०१६ च्या आदर्श नियमांतील नियम १४ नुसार दोषसिद्धीच्या नोंदी अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षे सुरक्षित ठेवावयाच्या असतात. त्याहून अधिक काळ नाही. त्यानंतर त्या नष्ट करणे हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोपविलेले काम नसून ते त्याचे कर्तव्य आहे.

या नियमाला एक अपवाद आहे. सोळा वर्षे पूर्ण केलेल्या बालकाने अतिगंभीर अपराध केल्याचे आढळून बाल न्यायालयाने त्याला प्रौढाप्रमाणे दोषी ठरविले असेल, तर नोंद कायम राहते व अपात्रताही लागू होते. इतर सर्व प्रकरणांत कलम २४ चे संरक्षण मिळते.

कलम ७४ या संरक्षणाला कुंपण घालते. बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील वृत्तपत्रातून, दृक्‌श्राव्य माध्यमातून किंवा संपर्काच्या अन्य कोणत्याही माध्यमातून उघड करण्यास त्यात मनाई आहे. प्रकरण निकालात निघाले असेल तर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी किंवा अन्य कारणासाठी त्या नोंदीचा उल्लेख करावयाचा नाही. या कलमाचा भंग करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली केंद्रीय सुरक्षा दलातील एका उमेदवाराच्या प्रकरणात हाच दृष्टिकोन मान्य केला. अल्पवयात झालेल्या आरोपाचे निमित्त करून त्याला नियुक्ती नाकारता येणार नाही, असा त्या निर्णयाचा इत्यर्थ आहे.

नोंद मागे राहते कशी?

नोंदीच्या प्रती अनेक वाटांनी बाहेर पडतात. आदर्श नियमांप्रमाणे अतिगंभीर अपराध किंवा प्रौढांसमवेत केलेला अपराध सोडल्यास बालकाविरुद्ध प्रथम माहिती अहवाल नोंदवावयाचा नसतो. ठाण्याच्या दैनंदिनीतील नोंद पुरेशी असते. वरील उदाहरणातील मुलाबरोबर दोघे प्रौढ असल्याने अहवाल नोंदविला गेला व त्यात मुलाचेही नाव आले. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणे वगळता असे अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवले जातात. अटक झाली त्या वेळी मुलाचे वय चुकीने अठरा लिहिले गेले असेल, तर प्रकरण आधी साध्या दंडाधिकाऱ्यांपुढे जाते व वय सिद्ध झाल्यावरच मंडळाकडे येते. मधल्या काळात न्यायालयाच्या संगणकीय यादीत त्याचे नाव चढलेले असते.

खासगी पडताळणी संस्था ही संकेतस्थळे चाळून नावे, पित्याचे नाव व गाव अशा खुणांसह आपल्या माहितीकोशात साठवून ठेवतात. मूळ ठिकाणची नोंद उद्या नाहीशी झाली, तरी काल काढून घेतलेली प्रत आपोआप नाहीशी होत नाही. एका संस्थेकडून ती दुसरीकडे जाते. शिवाय नामसाधर्म्यामुळे एकाची नोंद दुसऱ्याच्या माथी मारली जाण्याचाही धोका असतो.

अमेरिकेतील अनुभव

खासगी पडताळणीचा व्यवसाय अमेरिकेत फार जुना व मोठा आहे. न्यायालयाने पुसलेली नोंद व्यापारी संस्थेच्या माहितीकोशात राहण्याचा प्रश्न तेथे आधीच उभा राहिला असल्याने तेथील अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे १९७० साली झालेल्या केंद्रीय कायद्याने अशा संस्थांवर अहवालातील माहिती शक्य तितकी अचूक ठेवण्याचे बंधन घातले. एखाद्या व्यक्तीने नोंदीस हरकत घेतल्यास संस्थेला सर्वसाधारणपणे तीस दिवसांत विनामूल्य फेरतपासणी करावी लागते. अहवालाच्या आधारे नोकरी नाकारण्यापूर्वी मालकाने त्याची प्रत उमेदवाराला देणेही तेथे आवश्यक आहे. २०१२ साली एका मोठ्या पडताळणी संस्थेने २६ लाख डॉलरचा दंड भरून शासकीय आयोगाशी तडजोड केली. नोंद पुसली गेल्यासारखे बदल अहवालात उतरावेत यासाठी वाजवी काळजी न घेणे, हा तिच्यावरील आरोपांपैकी एक होता.

पेनसिल्व्हानिया राज्याने २०१८ साली कायदा करून ठरावीक जुन्या नोंदी अर्जाविनाच संगणकाद्वारे झाकून टाकण्याची पद्धत सुरू केली. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होय. या साऱ्या अनुभवाचे सार असे की, नोंद पुसण्याचा आदेश ही कामाची केवळ सुरुवात असते. प्रत बाळगणाऱ्यावर जबाबदारी टाकल्याखेरीज तो आदेश पूर्णत्वास जात नाही.

आपल्याकडील नवी तरतूद

आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत झाला. एखाद्या व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी वापरली जाणारी माहिती पूर्ण व अचूक असावी, ही जबाबदारी कलम ८ ने माहिती बाळगणाऱ्या संस्थेवर टाकली आहे. संमतीने घेतलेली माहिती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून घेण्याचा अधिकार कलम १२ ने व्यक्तीला दिला आहे. या अधिनियमाखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी अमलात येण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवली पाहिजे. कायद्याने जी माहिती सर्वांसाठी खुली करणे बंधनकारक आहे, तिला हा अधिनियम लागू होत नाही. न्यायालयाच्या यादीतून आम्ही ती घेतली, असे उत्तर पडताळणी संस्था देऊ शकते. परंतु बालकाची ओळख उघड करण्यास कलम ७४ ची स्पष्ट मनाई असल्याने ती माहिती खुली करणे बंधनकारक होते, असे म्हणता येणार नाही. म्हणून बालवयातील नोंदीच्या बाबतीत हे दोन्ही अधिनियम एकत्र वाचणे हिताचे ठरते.

उमेदवाराने काय करावे?

सर्वप्रथम मंडळाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत मिळवावी व तीत नोंदी नष्ट करण्याचा आदेश आहे की नाही हे पाहावे. तसा आदेश नसल्यास मंडळाकडे अर्ज करावा. वकील देणे परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बालके, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या व्यक्ती यांना तेथे मोफत साहाय्य मिळते. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही मार्गदर्शन मिळू शकते.

दुसरे असे की, नोकरी नाकारणाऱ्या मालकाकडे पडताळणी अहवालाची प्रत लेखी मागावी. तीत नोंदीचे मूळ दिलेले असल्यास प्रथम ते मूळ बंद करून घ्यावे. पोलिसांच्या संकेतस्थळावरील अहवाल असो की न्यायालयाच्या यादीतील नाव असो, ते तेथे राहिल्यास खासगी संग्रहातून काढलेली नोंद पुढच्या वेळी पुन्हा अवतरते.

त्यानंतर पडताळणी संस्थेला पोच मिळेल अशा टपालाने पत्र पाठवावे. नोंद काढून टाकावी, ती कोठून मिळाली व कोणाकोणाला पुरविली हे कळवावे आणि त्या सर्वांना दुरुस्ती कळवावी, अशा मागण्या पत्रात स्पष्टपणे असाव्यात. मात्र घटनेची हकिकत त्यात लिहू नये. डाग पुसण्यासाठी लिहिलेल्या पत्रातूनच नवी नोंद तयार व्हावयाची, असे घडते. शक्य असल्यास हे पत्र विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलामार्फतच जावे आणि आदेशाचा केवळ आवश्यक तेवढा भाग सोबत जोडावा. संस्थेने दाद न दिल्यास कलम ७४ खाली तक्रार करण्याबाबत त्याच वकिलाचा सल्ला घ्यावा. नोकरीच्या अर्जातील “पूर्वी कधी गुन्हा नोंदला गेला होता काय?” या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वीही असाच सल्ला घेणे श्रेयस्कर ठरेल, कारण प्रौढपणी नोंदलेल्या प्रकरणाविषयी खरी माहिती न दिल्यास नोकरी जाऊ शकते.

गावाचा व शाळेचा वाटा

माहितीकोश केवळ संगणकात असतो असे नाही. तो गावाच्या तोंडीही असतो. पडताळणी संस्थेचा माणूस शेजाऱ्याकडे, पंचाकडे किंवा शाळेत चौकशीला येतो, तेव्हा “मुलगा तसा बरा आहे, पण लहानपणी...” एवढे अर्धवट वाक्यही त्याच्या अहवालात जाण्यास पुरेसे होते. मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किंवा वर्तणुकीच्या दाखल्यात अशा प्रकरणाचा उल्लेख करू नये. दूरध्वनीवरून आलेल्या चौकशीस उत्तर देऊ नये. पंचांनीही आपल्याला प्रत्यक्ष माहीत असलेल्या आजच्या वर्तनापुरतेच बोलावे.

पोलीस ठाण्यातील कर्मचाऱ्यांनी चारित्र्य दाखला देताना जुन्या वह्या उघडण्याआधी मंडळाचा आदेश पाहावा, आणि सात वर्षांची मुदत संपलेल्या नोंदींची यादी दरवर्षी तयार करून त्या नष्ट केल्याची खातरजमा करावी. अहवाल संकेतस्थळावर चढविण्यापूर्वी त्यात बालकाचे नाव नाही ना, हे पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे न दिल्यास एका तरुणाची अनेक वर्षे खर्ची पडतात.

वरील उदाहरणातील तरुणाने शिक्षण घेतले, हाती कसब मिळविले, म्हणजे कायद्याची त्याच्याकडून जी अपेक्षा होती ती त्याने पूर्ण केली. आता अपेक्षा उरते ती इतरांकडून. मंडळाने नोंद पुसली, पोलिसांनी ती नष्ट केली, पडताळणी संस्थेने ती काढून टाकली आणि गावानेही तिचा उच्चार थांबविला, तरच कलम २४ मधील नव्या प्रारंभाला खरा अर्थ येईल. यासाठी प्रत्येक संबंधिताने आपापल्या जागी सहकार्य करणे अगत्याचे आहे.