खडकीकरांसाठी मुंबईची जुनी टेबलं

डेक्कन क्वीन खडकीला थांबत नाही, तेव्हा ती पुणे स्टेशनवर पकडावी. १९३० पासून धावणाऱ्या या गाडीला डायनिंग कार आहे, म्हणजे खाद्यसहलीचा पहिला नाश्ता रुळांवरच!

सीएसएमटीला उतरलात की बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया चालत जाण्याजोगं. १९२३ चं हे इराणी हॉटेल बेरी पुलावासाठी ओळखलं जातं. त्यातली आंबट-लाल बेरी म्हणजे झरिश्क, ती इराणहून येते. सोबत रास्पबेरी सोडा, शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. इथे दुपारचंच जेवण मिळतं. संध्याकाळी जाऊन दार ठोठावू नका. खिशाला मात्र थोडं जड.

तेवढं नको असेल तर धोबी तलावचं कयानी (१९०४): बन मस्का, खिमा-पाव, आणि मेट्रो सिनेमाकडे बघत चहा.

शाकाहाऱ्यांनी माटुंगा गाठावं. ए. रामा नायक यांनी १९४२ साली सुरू केलेलं उडुपी स्टेशनजवळच, जिना चढून वर. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम. माझं मत विचाराल तर समुद्राकाठच्या शहरात मासळीविना इतकं समाधान देणारं जेवण दुसरं नाही, मालवणी मित्र रागावले तरी.

रविवारी-सोमवारी निघणार असाल तर आधी फोन करा. जुन्या हॉटेलांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या असतात.

प्रवासच नको? पुण्यात डेक्कन जिमखान्यावरचं कॅफे गुडलक १९३५ पासून आहेच.